दादानं बोलणं सोडलं तो चैत्र

खळ्यावर उपणणी झाली की धान्य घरात जातं आणि भुसा तिथंच राहतो. घरातल्या गोष्टींचंही तसंच आहे. लग्नं कुणाची कधी झाली, वाटण्या कशा झाल्या, हे लक्षात ठेवण्यासारखं सगळं मी विसरलो. भुसा मात्र ढिगानं साठलाय. जरा वारा सुटला की उडतो आणि डोळ्यात जातो. मग हसूही येतं आणि पाणीही येतं.

मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत ऐकणाऱ्याचं पान खाऊन व्हायचं. आमच्या घराचं बोलणं थोरल्या दादाकडं होतं. तेव्हा शेळगावात लाउडस्पीकर आला नव्हता. दादा होता, त्यामुळं कुणाचं अडलं नाही!

घर माळकरी. दादा, वहिनी, मी, माझी मंडळी गिरजा, सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. आणि सगळ्यांच्या वर आई. आई दिव्याला हात जोडायची, बैलाला हात जोडायची, पाटाला पाणी सुटलं की पाटालाही जोडायची. कुणी म्हणालं, "म्हातारे, पाट इंग्रजानं काढलाय," तर म्हणायची, "काढू दे की! पानी काय त्येच्या बापानं आणलं व्हय?"

* * *

ही गोष्ट तीस सालाच्या पुढची. नेमकं साल विचारू नका. फाल्गुन होता, एवढं पक्कं.

होळीला बोंब मारायची रीत. दादाची बोंब म्हणजे गावाचं भूषण. वारा तिकडचा असला तर कळंबच्या वाटेवरचा माणूस थबकायचा. पण बोंबेबरोबर शिव्या आल्या, आणि आईला त्या खपेनात. त्या वर्षी तिनं दादाला दारातच अडवलं.

"गळ्यात माळ आणि तोंडात घाण? आज त्वांड उघडायचं तर द्येवाचं नाव घे, न्हायतर घरात बस."

दादानं आईचा शब्द कधी मोडला नाही. होळी पेटली. पोरं वाट बघत उभी. दादानं छाती भरून घेतली, तोंडावर उलटा हात ठेवला आणि बोंब ठोकली, "रामकृष्ण हरीऽऽऽ!"

मारुतीच्या देवळात म्हातारी माणसं बसली होती. त्यांना वाटलं, कुणाची तरी दिंडी वेशीत आली. सगळे टाळ घेऊन पळत आले. दिंडी दिसेना, पण टाळ हातात होतेच. ते होळीभोवती उभे राहिले आणि भजन सुरू झालं. आता म्हाताऱ्यांपुढं शिव्या कोण देणार? वर्षभर साठवलेल्या शिव्या पोटात ठेवून पोरं आरतीपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशी त्यातली चारजणं आमच्या दारात आली. हात जोडून म्हणाली, "काकू, पुढल्या साली दादाला शिव्या द्येऊ द्या. आमचा सण बुडला!"

* * *

आता मूळ गोष्टीवर येतो.

गिरजाचं पहिलं बाळंतपण माहेरी, लोणी भापकरला झालं होतं. ते बाळ राहिलं नाही. वर्षभर ती चुलीपुढं बसून जाळाकडं बघायची. त्या फाल्गुनात तिचे पुन्हा दिवस भरत आले होते. ही खेप आमच्या घरीच, मारुतीच्या देवळाशेजारी करायची, असं आईनं ठरवलं. देऊळ आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक बोळ.

पाडव्याच्या आधी आईनं सगळ्यांना देवापुढं बसवलं.

"पोर सुखरूप यावं म्हणून ज्येनं त्येनं आवडती वस्तू द्येवाला सोडायची. पाडव्यापास्नं रामनवमीला राम जन्मंस्तवर."

वहिनीनं दाताला लावायची तंबाखूची मिश्री सोडली. तिचा चेहरा असा झाला, जणू दागिना उतरवून दिला. आईनं गूळ सोडला. माझी पाळी आली तेव्हा आई माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो काय सोडणार! ह्येनं कवा काय धरलंच न्हाय." मग तिनंच माझा विडा सोडवला.

दादा म्हणाला, "मी वांगं सोडतो."

"वांगं?" वहिनी म्हणाली. "ताटात वांगं दिसलं की ताट ढकलता तुमी!"

"मग कारलं."

आई हसली नाही. म्हणाली, "द्येवाला फशीवतोस? तुझं आवडतं येकच हाय. बोलनं."

दादानं आतल्या दाराकडं बघितलं. दाराआड गिरजाच्या बांगड्या वाजत होत्या. थोरल्या दिरापुढं ती येत नसे.

"बरं," दादा म्हणाला. "सोडलं."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दादा बोलायला लागला. मला बोलला, बैलांना बोलला, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला बोलावून बोलला. दुपारी बघतो तर परसातल्या कडुनिंबापुढं उभा राहून त्याला ऊस-लावणीची रीत सांगत होता.

वहिनी म्हणाली, "अवो, आता तरी घटकाभर दम खावा."

"गप! उद्यापास्नंचं आजच उरकून घ्यायचं हाय!"

* * *

पाडवा उजाडला. गुढी उभारायला दादा माळवदावर चढला आणि मी खाली काठी धरून उभा राहिलो. काठी कलली. एरवी दादानं "डावीकडं घे रं, झोपलास काय!" म्हणून गाव उठवलं असतं. आता तो हातवारे करत होता. त्याचा डावा हात म्हणजे माझा उजवा, हे काही माझ्या ध्यानात येईना. मी एकदा इकडं, एकदा तिकडं. शेवटी गुढीवरचा तांब्या सुटला आणि थेट दादाच्या अंगठ्यावर!

दादाचं तोंड उघडलं. डोळे पांढरे झाले. छाती फुगली. खाली आम्ही सगळे वर बघत उभे. मौन सुरू होऊन अजून न्याहारीही झाली नव्हती.

वहिनी प्रसाद द्यायला शिडीवर चढलीच होती. तिच्या हातात कडुनिंब वाटून केलेली गोळी होती. तिनं ती अख्खी दादाच्या तोंडात कोंबली आणि वरून हात दाबून धरला.

दादाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्या अंगठ्यासाठी होत्या की कडुनिंबासाठी, ते त्यालाच ठाऊक. आई खालून हात जोडून म्हणाली, "किती भक्ती हाय बघा पोराची!"

* * *

विहिरीवर आमची मोट चालायची. मोटेच्या बैलांना दादाच्या गाण्याची सवय. तो ओरडून गाणं म्हणायचा, बैल उताराला धावायचे आणि पाणी धबाबा थारोळ्यात पडायचं. आता दादानं दोर धरला आणि तोंडानं नुसतं "चक् चक्" केलं. बैलांनी मागं वळून त्याच्याकडं बघितलं. आजारी माणसाकडं बघतात तसं. आणि उभे राहिले.

दादानं दोर माझ्या हातात दिला.

मी गाणं म्हणालो. माझं गाणं माझ्या बोलण्यासारखंच. एक ओळ झाली की मी थोडा थांबायचो, बैलही थांबायचे. मोट अर्ध्यावर लोंबकळायची. दुसरी ओळ आठवली की पुन्हा दोन पावलं.

दुपारी वहिनी भाकरी घेऊन आली. बांधावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. वांग्याच्या वाफ्यांत अजून धूळ उडत होती.

"भावजी," ती म्हणाली, "पानी काढताय का बैलांना अंगाई म्हणताय?"

दादा बांधावर पडून पोट धरून हसत होता. हसण्याला मौन आडवं येतं का, हे आईला विचारायचं राहिलं होतं. म्हणून त्यानं तोंडात धोतराचा सोगा धरला होता.

* * *

बाळंतिणीसाठी दुभती गाय घ्यायची होती. बारामतीच्या बाजाराला दादा निघाला. सोबत बोलायला म्हणून मला घेतलं! वहिनी दारातच हसली, "एक मुका, एक मुखदुर्बळ. गाय घिऊन या म्हंजी झालं. बैल घिऊन याल!"

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारच्याला कळू नये म्हणून. दादाचं घोडं इथंच पेंड खायचं. बोटं उपरण्याखाली, पण तोंड बाहेर! गाय आवडली की तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायचा, "काय गुनाची हाय रं! ही नेल्याबिगर मी जायचा न्हाय!" मग व्यापारी कशाला खाली येतो?

त्या दिवशी दादानं कपिली गाय बघितली. तिच्या पाठीवरून हात फिरवला. व्यापाऱ्याच्या हातात हात दिला, उपरणं टाकलं, बोटं दाबली आणि त्याच्या डोळ्यांत बघत उभा राहिला. तोंडातून शब्द नाही.

व्यापारी बोलायला लागला. गाईची आई सांगितली, आजी सांगितली. दादा तसाच. व्यापाऱ्यानं बोटं बदलली. दादा तसाच. व्यापाऱ्याला घाम फुटला. त्यानं हळूच मला विचारलं, "ह्ये महाराज कोन म्हनायचं?"

मी खरं ते सांगायला सुरुवात केली, "त्येंनी... द्येवाला..." पुढचं मी बोलेपर्यंत व्यापाऱ्यानं उपरण्याखालून हात काढला, दादाच्या पायाला लावला आणि दादाची पहिली बोटं कबूल केली. वर वासराला नवं दावं दिलं.

आम्ही गाय घेऊन निघालो तर मागून आला. माझा दंड धरून म्हणाला, "पावनं, तुमी या, कवाबी या. ह्या महाराजांना फिरून बाजारात आनू नगा!"

* * *

लोणी भापकरहून माझे सासरे आले. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. लेकीला बघायला आले होते. मौनाचं त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगायच्या बेतात होतो.

तात्या आजवर आमच्याकडं अनेकदा आले, पण दादापुढं त्यांचं एक वाक्य कधी पुरं झालं नव्हतं. ते "यंदा ज्वारी..." म्हणाले की दादा ज्वारीवर सुरू व्हायचा आणि तात्या परत जायला निघाले तरी तो ज्वारीवरच असायचा.

त्या दिवशी तात्या ओट्यावर बसले. "यंदा ज्वारी..." म्हणाले आणि सवयीनं थांबले. दादा गप्प. तात्यांनी पुढचं म्हटलं. दादानं मान हलवली. तात्या जरा सरकून बसले. मग ज्वारी झाली, भावकी झाली, गुडघा झाला. सावल्या लांबल्या. शेवटी तात्यांचा आवाज उतरला.

"पोरगी भेलीय, दादा. मगाशी मला म्हनली, ह्ये बी न्हाय राह्यलं तर मी कुनाला त्वांड दावू? मला काय बोलावं सुचंना. आपल्याला कुठं बोलता येतं?"

दादानं त्यांचा हात हातात घेतला. किती वेळ धरून ठेवला होता. मी गाईला वैरण टाकायला उठलो. गाईपुढं वैरण होतीच.

जाताना तात्या मला वेशीपर्यंत घेऊन गेले. उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "तुझ्या दादाशी आज पयल्यांदा मनासारखं बोलनं झालं, बघ. मानूस फार समजून बोलतो!"

* * *

गिरजाला मात्र ते मौन सोसेना. वहिनीला ती म्हणाली, "आक्का, घर कसं सुतकातल्यागत वाटतंय. मागल्या बारीला असंच समदं गप झालं हुतं."

ती आत बोलत होती आणि दादा भिंतीच्या बाहेर दोर वळत बसला होता. तो उठला आणि गोठ्यात गेला. परत आला तो गळ्यात बैलाची घुंगुरमाळ घालून! दिवसभर तशीच. शेतात जाताना छुम्, न्हाणीत जाताना छुम्, जेवताना घासागणिक छुम्.

संध्याकाळी हरिपाठाला बसलो. आम्ही म्हणत होतो आणि दादा ओळीओळीला मान हलवत होता. घुंगरांनी हरिपाठाचा तमाशा करून टाकला. आई डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, आता चिडणार.

आतून गिरजाच्या हसण्याचा आवाज आला. किती महिन्यांनी!

आई डोळे न उघडता म्हणाली, "त्येला म्हनावं जरा मोठ्यानं मान हालीव."

* * *

रामनवमीला सकाळीच गिरजाला कळा सुरू झाल्या. भागाआजी सुईण आत गेली आणि दार लागलं. आईनं दादाला देवळात पिटाळलं. "जा, द्येवाफुडं बस." मी आमच्या ओट्यावर बसलो.

देवळात गाव लोटलं होतं. मधोमध पाळणा टांगलेला, पाळण्यात कुंची घातलेला नारळ. शेजारी परातीत गुलाल. बारामतीहून हरदासबुवा कीर्तनाला आणले होते. रीत अशी, की दीपमाळेची सावली बुडाशी गोळा झाली की बारा वाजले. मग बुवांनी गुलाल उधळायचा, बायकांनी पाळण्याची दोरी ओढायची आणि बाहेर शिरपानं उखळीचा बार काढायचा. शिरपाला कीर्तनातलं काही कळत नव्हतं. तो पेटती वात घेऊन दारातून फक्त गुलालाकडं डोळे लावून बसायचा.

दीपमाळेची सावली अजून चांगली लांब होती. बुवा रंगात येऊन कौसल्येचे डोहाळे सांगत होते.

आणि आमच्या घरातून थाळीचा आवाज आला.

मूल जन्मून रडलं नाही की सुईण त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवते. एकदा वाजली. मी कान दिला. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. मधल्या जागेत रडणं येईना.

दार उघडलं. आईच्या तोंडावर रंग नव्हता. "भिवा," ती म्हणाली, "पोर आवाज करंना रं."

मी देवळाकडं धावलो. दारात उभा राहिलो. दादा पहिल्या रांगेत बसला होता. मी तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. जन्मभर जे थोडंफार येत होतं, तेही नाही. दादानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. थाळी तिथपर्यंत ऐकू येत होती.

दादा उठला. माणसांच्या डोक्यांवरून पाय टाकत पुढं गेला. बुवा म्हणत होते, "आणि कौसल्या म्हणते, मला वाटतं की..." कौसल्येला काय वाटत होतं, ते गावाला कधीच कळलं नाही. दादानं परात उचलली आणि अख्खी वर फेकली.

देवळात काही दिसेना. नुसतं लाल! शिरपानं लाल बघितलं आणि वात लावली. बार झाला, तसे देवळाचे चिरे हालले. मागोमाग दुसरा, मग तिसरा. हलगीवाला दचकून उठला आणि हलगी बडवायला लागला. बायकांनी दोरी ओढली, नारळ पाळण्याबाहेर उडाला. पोरांनी घंटा धरली. सगळं गाव एका तोंडानं ओरडलं, "प्रभू रामचंद्र की जय!"

मी दारात एक कान घराकडं लावून उभा होतो. थाळी थांबली. मी उंबऱ्यावर बसलो.

मग बोळाच्या पलीकडून रडणं आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. आलं आणि थांबेचना.

देवळात हळूहळू गुलाल खाली बसला. हरदासबुवा पगडीपासून पायापर्यंत लाल होऊन उभे होते. त्यांनी डोळे पुसले, दीपमाळेची लांब सावली बघितली आणि दादाकडं बोट केलं.

"अहो, हे काय केलंत? अजून कौसल्येला कळासुद्धा आल्या नाहीत!"

सगळं गाव दादाच्या तोंडाकडं बघत होतं. दादानं आधी घराच्या बाजूला कान दिला. रडणं चालूच होतं. मग त्यानं बुवांना वाकून नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणाला,

"बुवा, तुमचं चालू द्या. आमचं झालं."